इष्टिकारंजनमीमांसा, अर्थात विटांच्या घरास बाहेरून रंग द्यावा किंवा कसे

१. विषयप्रतिज्ञा

विटांच्या घरास बाहेरून रंग द्यावा की देऊ नये, हा प्रश्न महाराष्ट्रात दर वर्षी नवरात्राच्या सुमारास उद्भवतो, धनत्रयोदशीपर्यंत प्रज्वलित राहतो आणि भाऊबिजेनंतर अनिर्णीत अवस्थेतच शांत होतो. इतक्या नियमाने पुनरावृत्त होणाऱ्या घटनेस एखादे शास्त्र असावे, ही अपेक्षा वाजवी आहे. ग्रहणांस ते आहे, भरती-ओहोटीस आहे. विटांच्या भिंतीस नाही. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने प्रस्तुत प्रबंध सिद्ध केला असून या नूतन शास्त्रास आम्ही ‘इष्टिकारंजनमीमांसा’ हे अभिधान देत आहोत. मीमांसकांच्या परंपरेत अधिकरणाची पाच अंगे मानतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती. आम्हीही त्याच मार्गाने जाऊ. मात्र पाचवे अंग जी संगती, ती या विषयात बहुधा लाभत नाही, हे आरंभीच नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

व्याख्या. ज्या गृहाची बाहेरील भिंत भाजीव विटांची असून तिच्यावर गिलावा नाही, केवळ दर्जा भरलेल्या आहेत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मनुष्यास इच्छा झाल्यास त्या विटा मोजता येतात, ते ‘अनावृतेष्टिक गृह’ होय.

या व्याख्येतील अंतिम उपवाक्य काहींना अनावश्यक वाटेल. ते तसे नाही. मधुमालतीच्या वेलाने पूर्णपणे व्यापलेली भिंत विटांची असली तरी तिच्या विटा मोजता येत नाहीत. सबब ती आमच्या कक्षेबाहेर जाते व वनस्पतिशास्त्राकडे वर्ग होते. त्याचप्रमाणे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील चिऱ्याची घरेही येथे अभिप्रेत नाहीत. जांभा दगड खाणीतून चिरून काढतात, भट्टीत भाजत नाहीत. त्याचा तांबूस वर्ण पाहून त्यास विटेच्या गोत्रात घेण्याचा जो प्रयत्न घाटावरील मंडळी करतात, तो अव्याप्ती आणि अतिव्याप्ती या दोन्ही दोषांनी युक्त आहे.

२. पूर्वसूरींचा परामर्श

वीट हा आपल्या परंपरेत प्राचीन काळापासून चिंतनाचा विषय आहे. सिंधुसंस्कृतीतील विटांची उंची, रुंदी व लांबी यांचे प्रमाण एकास दोनास चार असे आढळते. शुल्बसूत्रांत श्येनचितीची रचना सांगितली आहे: पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, एकूण एक हजार, आणि या सर्वांतून पंख पसरलेल्या ससाण्याची आकृती. विटेच्या आकाराविषयी इतका सूक्ष्म विचार अन्यत्र क्वचित आढळतो. परंतु ती चिती राहण्यासाठी नव्हती आणि तिच्याकडे नातेवाईक येत नसत; म्हणून प्रस्तुत प्रश्नास ती प्रमाण मानता येत नाही.

भिंतीकडे तिच्या रस्त्याकडील अंगाने शास्त्रीय दृष्टीने पाहणारा आम्हांस ज्ञात असलेला पहिला अभ्यासक म्हणजे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक. तो त्या समयी चौर्यकर्मात गुंतलेला होता हे खरे. परंतु त्याच्या अभ्यासपद्धतीत दोष काढता येत नाही. तिसऱ्या अंकात चारुदत्ताच्या घरापाशी रात्रीच्या वेळी उभा राहून तो भिंतींचे चार प्रकार करतो: भाजलेल्या विटांची, कच्च्या विटांची, मातीच्या पिंडांची आणि लाकडाची. भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या कापाव्यात, माती भिजवावी, लाकूड फाडावे, असे चतुर्विध उपाय तो सांगतो. भगदाडाचे आकारही तो सात मानतो (कमळ, सूर्य, चंद्रकोर, वापी, विस्तीर्ण, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ) आणि भाजीव विटांच्या भिंतीस पूर्णकुंभच शोभतो, असा निर्णय देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कामास हात घालण्यापूर्वी तो भिंत चाचपून पाहतो आणि रोजच्या अर्घ्यदानाचे पाणी पडून कोणता भाग ओला व क्षाराने झिजलेला आहे, हे हुडकून काढतो. ज्यास आपले गवंडी लोणा म्हणतात, त्याचे इतके अचूक स्थाननिदान पुढील अनेक शतकांत कोणी केले असेल, असे आम्हांस वाटत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. प्रेक्षकांनी पदे उचलली आणि भिंतीचा सिद्धांत तेथेच राहिला.

पेशवाईत भिंतीच्या द्रव्याचा प्रश्न राजकीय स्वरूपाचा होता. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. संपूर्ण दगडी तट छत्रपतींनाच शोभतो, अशी हरकत साताऱ्याहून आल्यामुळे असे झाले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे भिंत कशाची असावी हा प्रश्न त्या काळी गादीपर्यंत जात असे. आज तो थोरल्या काकूंपर्यंत जातो. अधिकारकेंद्र बदलले, प्रश्नाची तीव्रता बदललेली नाही.

पंढरपूरचे प्रमाण येथेच निकालात काढणे इष्ट. अरंजनवादी असे प्रतिपादन करतात की, साक्षात विठ्ठल अठ्ठावीस युगे ज्या विटेवर उभा आहे तिला पुंडलिकाने भिरकावण्यापूर्वी रंग दिल्याचे कथेत सांगितलेले नाही. यावर रंजनवाद्यांचा आक्षेप असा की, ती वीट आडवी असून आसनस्वरूप आहे, बहिर्भित्तीचा अवयव नाही. शिवाय पुंडलिकास तेव्हा सवड नव्हती. आक्षेप ग्राह्य आहे.

३. पूर्वपक्ष: रंजनवाद

विटांस रंग द्यावा असे मानणारे सर्व एकच, ही समजूत चुकीची आहे. त्यांच्यात चार संप्रदाय असून त्यांचे परस्परांशी पटत नाही.

(अ) सुधावादी. हे चुन्याचे पुरस्कर्ते. कळीचा चुना विरवून, त्यात डिंक आणि किंचित नीळ घालून, कुंच्याने दोन हात द्यावेत, एवढेच यांचे सूत्र. चुन्यातून बाष्प आरपार जाते, त्यामुळे भिंतीस अपाय कमी. संप्रदाय क्षीण झाला आहे; कारण चुन्याच्या भिंतीस टेकून बसलेल्या व्यक्तीच्या पाठीवर सिद्धांताचा ठसा उमटतो.

(आ) स्नोसेमवादी. सिमेंट-रंग हे यांचे द्रव्य. स्नोसेम हे एका उत्पादनाचे नाव असले तरी त्या संपूर्ण जातीस महाराष्ट्राने तेच नाव दिले. या रंगाचे वैशिष्ट्य असे की तो दिल्यानंतर त्यावर पाणी मारावे लागते. अन्य रंग पाण्यापासून जपावे लागतात, हा पाण्यानेच पक्व होतो. या तत्त्वातील गांभीर्य ज्यांना उमगले नाही अशा घरांवरून हात फिरवला असता तळहात रंगतो.

(इ) आवरणवादी. हे आधुनिक. अ‍ॅक्रिलिक इमल्शनाचा अखंड पापुद्रा भिंतीवर चढवावा आणि पावसाचा व घराचा संबंध कायमचा तोडावा, ही यांची भूमिका. हमी किती वर्षांची, हा यांचा मुख्य प्रमाणग्रंथ.

(ई) तद्वर्णवादी. या संप्रदायाचा विचार विस्ताराने करणे भाग आहे. कारण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हाच सर्वांत खोल आहे. यांचे म्हणणे असे: विटेस रंग अवश्य द्यावा, परंतु तो विटेच्या रंगाचा द्यावा.

वीट लाल का असते? मातीतील लोह भट्टीतील उष्णतेने व हवेने ऑक्साइडरूप धारण करते म्हणून. गेरू लाल का असतो? त्याच लोह-ऑक्साइडामुळे. बाजारात मिळणाऱ्या लाल रंगाच्या पुडीतही बहुधा तेच. तेव्हा विटेवर गेरू देणे म्हणजे लोह-ऑक्साइडावर लोह-ऑक्साइड लिंपणे होय. येथे आवरण आणि आवृत यांत द्रव्यतः भेद उरत नाही. भेद उरतो तो केवळ रंगाऱ्याच्या बिलात. शांकर वेदान्त्यांनी या भिंतीचा अद्याप विचार केलेला नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

परंतु साधना येथे थांबत नाही. संपूर्ण भिंत लाल झाल्यावर दर्जाही लाल होतात व विटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून रंगारी सूत धरून त्यावर पांढऱ्या रेघा मारतो. आता खऱ्या दर्जा गवंड्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीनुसार कोठे जाड, कोठे बारीक, कोठे किंचित उतरत्या असतात. रंगाऱ्याच्या रेघा मात्र सुतात असतात. परिणामी एकाच भिंतीत दोन भिंती नांदू लागतात: एक जशी बांधली गेली ती, आणि दुसरी जशी बांधली जावयास हवी होती ती. दोहोंतील अंतर बहुतेक ठिकाणी अर्धा इंच असते. खिडकीच्या कोपऱ्यापाशी ते वाढते.

या संप्रदायाची एक उपशाखा ‘प्रतीष्टिकावादी’ म्हणून अलीकडे उदयास आली आहे. हे लोक विटांच्या भिंतीवर प्रथम गिलावा करतात, गिलाव्यावर चिकटद्रव्य लावतात आणि त्यावर विटेसारख्या दिसणाऱ्या फरशा बसवतात. आतून बाहेर जाता क्रम असा: वीट, गिलावा, चिकटद्रव्य, विटेचा आभास. यांच्या घरांविषयी अधिक न लिहिण्याचे आम्ही ठरवले आहे.

४. उत्तरपक्ष: अरंजनवाद

अरंजनवाद्यांचे आद्य आचार्य म्हणून लॉरी बेकर यांचे नाव आदराने घेतले जाते. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि १९४५ मध्ये भारतात आलेले हे वास्तुविशारद पुढे तिरुवनंतपुरमचे झाले. तेथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारतींत विटा गिलाव्यावाचून उघड्या राहिल्या आणि गेली कित्येक दशके केरळचा पाऊस अंगावर घेत आहेत. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याची जी रॅट-ट्रॅप पद्धत त्यांनी रुळवली, तिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. वीट दिसावयास चांगली आहे, मग ती झाकण्यासाठी वेगळा खर्च का करावा, या त्यांच्या भूमिकेस १९९० मध्ये पद्मश्रीचे पाठबळ मिळाले. रंजनवाद्यांकडे या तोडीचे प्रमाणपत्र नाही.

दुसरे प्रमाण अहमदाबादचे. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या इमारती लुई कान यांनी उघड्या विटांत रचल्या. तुला काय व्हावयाचे आहे असे त्यांनी विटेस विचारले आणि विटेने कमान व्हावयाचे आहे असे सांगितले, ही त्यांच्या व्याख्यानांतील कथा सर्वश्रुत आहे. या संवादात रंगाविषयी विटेचे मत विचारले गेल्याचे दिसत नाही, ही एक मोठी संधी हुकली. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने तेथील बहुतेक वसतिगृहे जीर्ण झाल्याच्या कारणास्तव पाडण्याचा मनोदय जाहीर केला. जगभरातून विरोध झाला, १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेतला गेला, आणि वाद पुढेही चालू राहिला. उभय पक्षांनी या प्रकरणाचा आधार घेतला आहे. पहिला पक्ष म्हणतो, पाहा, उघडी वीट टिकत नाही. दुसरा म्हणतो, पाहा, उघड्या विटेसाठी जग भांडते. कोणाच्या इमल्शनासाठी कधी भांडले होते?

अरंजनवादाचा मुख्य आधार मात्र जलविषयक आहे. भारतीय मानकानुसार वीट चोवीस तास थंड पाण्यात बुडवून ठेवतात व तिचे वजन किती वाढले ते पाहतात. साधारण प्रतीच्या विटेस आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. प्यालेले पाणी ती उन्हात परत टाकते. आता तिच्या तोंडावर अखंड पापुद्रा बसवला, तर पाणी गच्चीच्या कठड्यातून, तडा गेलेल्या दर्जेतून, न्हाणीघराच्या नळातून आत यावयाचे ते येतेच. बाहेर जाण्याची वाट तेवढी बंद होते. सोबत आलेले क्षार पापुद्र्याच्या मागे स्फटिकरूप धारण करतात, रंगास फुगे येतात, नंतर पोपडे सुटतात. हे प्रथम पश्चिमेच्या भिंतीवर होते. कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या अंगाने झोडपतो. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरी पाच हजारांहून अधिक. तेव्हा एकाच मताचा मनुष्य वाईहून पसरणी घाट चढून वर गेला असता त्याने मत बदलणे अशास्त्रीय ठरत नाही.

लोण्याचे वर्गीकरण आम्हांस नव्याने करावे लागले नाही, ते शासनानेच करून ठेवले आहे. मानकात त्याच्या पाच अवस्था आहेत: शून्य, सौम्य, म्हणजे पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांपर्यंत पातळ थर, मध्यम, म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, तीव्र, म्हणजे त्याहून अधिक, आणि गंभीर, म्हणजे जेथे भुकटी पडू लागते किंवा ढलपे सुटतात. या पाचांत आम्ही नम्रपणे सहाव्या अवस्थेची भर घालतो. ती म्हणजे ‘औपचारिक’ लोणा: जो गृहस्वामीस दिसत नाही, मानक प्रयोगशाळेस दिसत नाही, परंतु व्याही पायरी चढत असता त्यांस स्पष्ट दिसतो.

५. प्रेक्षकभेद

सहाव्या अवस्थेमुळे प्रेक्षकाचा विचार प्राप्त होतो. अनावृतेष्टिक गृहासमोर प्रथमच उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या मुखातून निघणाऱ्या उद्गारांचे पुढील प्रकार आम्ही निश्चित केले आहेत.

१) कालवाचक: “गिलावा कधी करताय?” उद्गारकर्ता घर अपूर्ण आहे असे गृहीत धरतो. हा प्रश्न वास्तुशांतीच्या दिवशी विचारला जातो आणि वीस वर्षांनंतरही त्याच शब्दांत विचारला जातो.

२) सांत्वनपर: “असू दे, होईल हळूहळू. आमचंही असंच राहिलं होतं.” याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करू नये. विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत असे सांगितल्यास सांत्वन द्विगुणित होते.

३) प्रशंसात्मक: “किती सुंदर! अगदी रिसॉर्टसारखं.” उद्गारकर्ता स्वतः फ्लॅटमध्ये राहतो.

४) गणितीय: “म्हणजे गिलाव्याचे किती वाचले?” येथे गृहस्वामी अडचणीत येतो. कारण चांगल्या कडांच्या, एकसारख्या भाजलेल्या विटा निवडून घ्याव्या लागतात, खंगर व कच्च्या बाजूस काढाव्या लागतात, आणि दर्जा नीट भरणारा गवंडी दिवसाला कमी काम करतो. वाचलेली रक्कम आणि वाढलेली रक्कम यांची वजाबाकी बहुधा सांगण्याजोगी नसते.

५) मौन. हा सासरे या वर्गात आढळतो.

अन्य प्रकारांची शक्यता नाकारता येत नाही. परंतु आम्ही सांगितलेल्या पाचांत ते सहज समाविष्ट होतात.

६. सिद्धान्त

दोन्ही पक्षांची प्रमाणे तोलून पाहिली असता युक्तिवाद समबल भासतात. तथापि आजवर कोणाच्या लक्षात न आलेली एक विषमता येथे आहे, आणि तिच्या शोधाचे श्रेय घेण्यास आम्ही संकोच करीत नाही.

रंजन ही अपरावर्तनीय क्रिया आहे. रंगलेली वीट पुन्हा न रंगलेली करता येत नाही. वाळूचा मारा करून रंग काढता येतो, परंतु त्यासोबत भट्टीत पक्व झालेली विटेची वरची कठीण कातही निघून जाते, आणि उरलेली मऊ वीट पुढच्या पावसाळ्यापासून झिजू लागते. उलटपक्षी अरंजन ही स्थिती नसून क्रिया आहे, आणि ती दर वर्षी नव्याने करावी लागते. अरंजनवादी गृहस्वामीस प्रत्येक दिवाळीत, प्रत्येक मुंजीच्या व लग्नाच्या आधी, प्रत्येक वेळी शेजारच्या बंगल्याची परांची उभी राहिल्यावर आपला पक्ष पुनः सिद्ध करावा लागतो. रंजनवाद्यास फक्त एकदा जिंकावयाचे असते. तेही तो गृहस्वामी चार दिवस परगावी गेला असता जिंकू शकतो.

यावरून असे निष्पन्न होते की, नवे बांधकाम वगळल्यास अनावृतेष्टिक गृहांची संख्या केवळ घटू शकते, वाढू शकत नाही. हा नियम आम्ही ‘इष्टिकाक्षय’ या नावाने मांडतो. त्यास बेकर, कान, किंवा मालकाची बुद्धिमत्ता यांपैकी कशानेही बाध येत नाही.

आमचे स्वतःचे मत विचारले गेल्यास ते असे: प्रथम दर्जा भराव्यात, छज्जा दोन फूट बाहेर काढावा, गच्चीच्या कठड्यावर पाणी साचू देऊ नये, आणि या तीन गोष्टी झाल्यावर वाद घालावा. कच्च्या भाजणीच्या विटा असल्यास मात्र वाद घालू नये, मुकाट्याने गिलावा करावा. हे मत गवंडी लोकांस पूर्वीपासून ठाऊक असल्याने त्यास सिद्धांताचा दर्जा देता येत नाही.

७. अर्धरंजितविचार

एका कठीण स्थळाचा ऊहापोह शेष आहे. वडिलार्जित घराची दोन भावांत वाटणी होते. थोरला अरंजनवादी, धाकटा आवरणवादी. दर्शनी भिंत एकच, परंतु तिच्या मध्यातून वाटणीपत्राची सीमारेषा जाते. धाकट्याने आपल्या अर्ध्या भागास फिकट पिस्ता रंग देण्याचे ठरवले, तर रंग नेमका कोठे संपावा?

सरळ उभी रेषा, हे पामर उत्तर होय. चांगल्या वीटकामात सांधेमोड असते. एका थरातील उभा सांधा वरच्या थरातील विटेच्या अंगाखाली येतो. म्हणून खालपासून वरपर्यंत मारलेली कोणतीही सरळ उभी रेषा एक थर सोडून एक थर वीट दुभंगतेच. वीट हे रंजनाचे अविभाज्य एकक आहे, असे आम्ही मानतो. अर्धी पिस्ता व अर्धी लाल वीट ही कोणत्याच पक्षाची राहत नाही आणि तिच्या लोण्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न दिवाणी स्वरूपाचा बनतो. तेव्हा सीमारेषा दर्जेतूनच नेली पाहिजे, म्हणजे ती एका थरात डावीकडे व पुढच्या थरात उजवीकडे सरकत दंतुर होणार.

या मार्गाने प्रत्येक वीट अखंड राहते. मात्र एकाआड एक येणाऱ्या या थरांत अर्धी वीट आळीपाळीने थोरल्याच्या व धाकट्याच्या हद्दीत शिरते. अशा थरांची संख्या सम असल्यास हिशेब बरोबर बसतो, विषम असल्यास एका भावाकडे अर्धी वीट अधिक जाते. तिची भरपाई रोखीत करावी की अंगणाच्या जागेत, याविषयी आमचा निर्णय झालेला नाही. रंगारी मात्र दंतुर रेषेचे काम चौरस फुटावर धरीत नाहीत. ते दातागणिक दर सांगतात आणि अर्धी रक्कम आगाऊ मागतात, ती कोणत्या भावाकडून हे विचारल्यावर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून जातात.